छाती छत्तीस, कापड अडीच मीटर

लक्ष्मी रोडवर कापड मीटरने मिळतं. तेच कापड घेऊन टेलरकडे गेलं की मास्तर गळ्यातला टेप काढतात आणि विचारतात, "ताई, उंची साडेचौदाच ठेवू ना?" साडेचौदा काय, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. इंचच. बिलावर मीटर, अंगावर इंच. पुण्यात शिवण शिकणारी प्रत्येक व्यक्ती पहिल्या दिवसापासून या दोन पद्धतींमध्ये ये-जा करते, आणि फिटिंगच्या निम्म्या तक्रारी या ये-जा करण्यातच जन्माला येतात असं माझं ठाम मत आहे.

दुकानात मीटर आहे तो कायद्यामुळे. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली, आणि आता २००९चा वैध मापनशास्त्र अधिनियम लागू आहे. दुकानातल्या लोखंडी मीटरपट्टीवर शिक्का असतो तो याच खात्याचा. टेलरच्या टेपवर इंच टिकून आहेत त्याचं कारण मात्र आपल्या तोंडात आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेचौदा, पावणेपंधरा: इंचाच्या प्रत्येक चौथ्या भागाला मराठीत तयार शब्द आहे. त्याखाली सूत आहेच, आठ सुतांचा एक इंच. साडेचौदा इंच म्हणजे ३६.८ सेंटिमीटर, पण ते कानाने ऐकून हाताने खडू मारता येईल असं माप नाही. म्हणून "इंच सोडा, सगळं सेंटिमीटरमध्ये करा" हा सल्ला मला पटत नाही. दोन्ही ठेवा, पण एका कपड्यात सांधा एकदाच द्या. अंगाचं माप इंचात घ्यायचं, आणि पॅटर्न सेंटिमीटरमध्ये काढायचा असेल तर कागदाच्या डोक्यावर सगळी मापं एका रांगेत बदलून घ्यायची. नंतर त्या कागदावर इंच दिसता कामा नये. मुंढा (बाही जोडायची गोलाई) सेंटिमीटरमध्ये, माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) अर्धा इंच, गळा पुन्हा सेंटिमीटरमध्ये असं केलं की कागद हातातून गेलाच.

बदलताना आकडा २.५४ धरा, अडीच नाही. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेलं आहे. तोंडी हिशोबाला अडीच सोपा वाटतो, पण ३४ छातीला अडीचने गुणलं तर ८५ येतात आणि खरे आहेत ८६.४. जवळजवळ दीड सेंटिमीटर, म्हणजे अर्धा इंच गेला. साडीच्या ब्लाऊजमध्ये एकूण सैलपणाच एक ते दोन इंच असतो. त्यातला अर्धा इंच हिशोबातच गेला की वरचं हुक लागतं, मधलं ताणतं आणि दोष टक्सवर, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चिमट्यांवर जातो. ४० छातीला हीच चूक १.६ सेंटिमीटर होते, पाच सूत.

आधी टेप तपासा

नेहमीचा टेप एका बाजूला ६० इंच आणि दुसऱ्या बाजूला १५० सेंटिमीटरचा असतो. दोन्ही आकडे एकाच टोकापासून सुरू होत असतील तर ५० इंचासमोर १२७ सेंटिमीटर बरोबर आला पाहिजे. एक-दोन मिलिमीटर सरकलेला दिसला तर छपाईच चुकलेली आहे. काही टेपांवर इंच एका टोकापासून आणि सेंटिमीटर दुसऱ्या टोकापासून सुरू होतात. असा टेप उलटा करून "समोरचा आकडा" वाचायचा मोह टाळा, तो आकडा त्या मापाचा नसतोच.

टेपचं टोकही बघा. पत्र्याची टोपी ढिली होऊन पुढे सरकते किंवा निघून जाते, आणि पहिला इंच दोन-तीन मिलिमीटरने खोटा होतो. कागदावर मोजताना अशा टेपने दहा सेंटिमीटरच्या रेघेपासून सुरुवात करावी, वजाबाकी सोपी जाते. इंचात एकपासून सुरू केलं तर तो एक वजा करायला लोक हमखास विसरतात.

ताणलेल्या टेपची गंमत वेगळी आहे. समजा टेप साठ इंचात अर्धा इंच ताणला गेलाय. ३६ची छाती तो ३५.७ दाखवेल. याच टेपने कागदावर पॅटर्न काढला तर तिथेही तेवढीच चूक उलटी होते आणि कपडा नीट बसतो! अंगाचं माप या टेपने आणि कागदावर स्टीलची पट्टी, असं झालं की ब्लाऊज अडीच सूत आवळ होतो. वर्षानुवर्षं चाललेली शिलाई नवी पट्टी आणल्यावर अचानक घट्ट येऊ लागली, तर हात बिघडलेला नसतो. टेप बदला. तीस सेंटिमीटरच्या स्टीलपट्टीला लावून बघितला की पाच मिनिटांत कळतं.

कॅल्क्युलेटरचा पॉइंट आणि टेपचं सूत

शिवणक्लासमध्ये फळ्यावर छाती ३६ का घेतात? ३६ला चारने भागलं तर नऊ, सहाने सहा, बाराने तीन. मुंढा, गळारुंदी, सगळं पूर्ण आकड्यात येतं. घरी जाऊन ३५ छातीचं ब्लाऊज काढायला बसलं की सहावा भाग येतो ५.८३. आता टेपवर कुठे खूण करायची?

इथे होणारी चूक अगदी ठरलेली आहे. ५.८ वाचलं जातं "पाच इंच आठ सूत". पण आठ सूत म्हणजे पूर्ण इंच, म्हणजे खूण सहावर जाते. पॉइंटनंतरचा आकडा दहावा भाग सांगतो आणि टेपवर आठ भाग आहेत. उपाय सोपा: पॉइंटनंतरच्या भागाला आठने गुणा. ०.८३ गुणिले ८ म्हणजे ६.६, धरा सात सूत. पाच इंच सात सूत, म्हणजे सहाला एक सूत कमी. ३७ छातीचा सहावा भाग ६.१७. ०.१७ गुणिले ८ म्हणजे १.४, एक सूत. हे गणित कागदाच्या कोपऱ्यात करून ठेवायचं आणि टेपवर फक्त सूत न्यायचं.

लिहिताना पॉइंट वापरूच नका. जुन्या पद्धतीच्या माप-वहीत साडेचौदा १४॥ असं लिहीत, सव्वाचौदा १४। आणि पावणेपंधरा १४॥। असं. दंड सुंदर आणि चुकीला जागा न देणारे आहेत, पण वाचणाऱ्याला माहीत असले तरच. नव्या कारागिराच्या हातात वही जाणार असेल तर अक्षरात "साडेचौदा" लिहा. १४.२ तर कधीच नको: एकजण त्याचा अर्थ चौदा आणि दोन पाव असा घेतो, दुसरा चौदा आणि दोन सूत.

मापं फोनवर पाठवताना आकड्यापुढे "इंच" किंवा "सेंमी" हवंच. मोठी मापं स्वतःच बोलतात, ३६ आणि ९२ यात घोळ होत नाही. घोळ लहान मापांत होतो. "बाही १०" म्हणजे कोपराच्या वरपर्यंतची दहा इंचाची बाही की खांद्यावरची दहा सेंटिमीटरची कॅप बाही? "गळा ७" इंचात बऱ्यापैकी खोल, सेंटिमीटरमध्ये गळ्याशी लागलेला. दोन्ही कपडे शक्य आहेत, म्हणून कापणाऱ्याला शंकाही येत नाही.

जिथे चूक गुणली जाते

साध्या ब्लाऊजमध्ये एक सूत इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही. कळीदार आणि अम्ब्रेला कटमध्ये बिघडतं, आणि इथे मी सेंटिमीटरच्या बाजूने आहे.

बारा कळ्यांचा अनारकली घ्या, कंबरेच्या सांध्यावर तयार घेर ३४ इंच हवा. एका कळीची वरची रुंदी २.८३ इंच. पावणेतीन धरली तर बारा कळ्यांचे ३३ इंच होतात, एक इंच कमी. दोन इंच सात सूत धरली तर साडेचौतीस. टेपवर ३४ येणारी खूणच नाही. आता सेंटिमीटर: ३४ इंच म्हणजे ८६.४, भागिले बारा, ७.२. पट्टीवर ७.२ची रेघ आहे. बारा कळ्या जोडल्या की बरोबर ८६.४.

मायेचंही असंच. बारा कळ्यांना चोवीस कडा. पॅटर्नवर माया एक सेंटिमीटर काढली आणि मशीनवर सवयीने तीन सुतांची टीप मारली, तर तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. कडेला अर्धा मिलिमीटर, चोवीस कडांना बारा. कपडा अर्धा इंच सैल, आणि एकही टीप वाकडी नाही, म्हणून शोधूनही सापडत नाही.

अम्ब्रेलाचा पूर्ण घेर काढताना त्रिज्या म्हणजे कंबर भागिले ६.२८. कंबर २८ इंच तर त्रिज्या ४.४६. साडेचार धरली तर कंबर सव्वाअठ्ठावीस होते, चालून जाईल. चार इंच तीन सूत धरली तर साडेसत्तावीस. त्रिज्येतलं एक सूत कंबरेत पाऊण इंचाहून जास्त होऊन बाहेर येतं, हे मनात पक्कं बसवा. सेंटिमीटरमध्ये २८ इंच म्हणजे ७१.१, त्रिज्या ११.३. इथे एक मिलिमीटर चुकलात तरी कंबरेत सहाच मिलिमीटर. ही ११.३ची रेघ टिपेची आहे. कापायची रेघ माया वजा करून आतून काढायची, एक सेंटिमीटर माया असेल तर १०.३वर. बरेच जण टिपेच्याच रेघेवर कापतात आणि मग माया धरून टीप मारल्यावर कंबर सहा सेंटिमीटरहून जास्त वाढलेली मिळते. शिवाय गोलाईचा काही भाग उरेप, म्हणजे तिरका जातो, तो हाताळतानाही ताणतो. कापल्याबरोबर मायेच्या आत एक मोकळी टीप मारून ठेवा, मगच अंगाला लावा.

बाहेरचे पॅटर्न

हल्ली इंटरनेटवरून पॅटर्न उतरवून घेणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, आणि पहिला धक्का साइझचा बसतो. बुर्डासारख्या जर्मन पॅटर्नवर ३८ लिहिलेलं असतं. तो इंच नाही. त्या ३८ची छाती ८८ सेंटिमीटर आहे, म्हणजे आपल्या भाषेत पावणेपस्तीसला जरा कमी. आपली ३८ इंची छाती म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर, तिला तिथे ४२ घ्यायचा, त्याची छाती ९६. डोळे झाकून ३८ कापला तर साडेआठ सेंटिमीटर कमी. आकडा सारखा दिसला की थांबून पॅटर्नचा मापांचा तक्ता उघडायचा.

दुसरा धक्का मायेचा. अमेरिकन कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये माया धरलेली असते, बहुतेक पाच सूत. युरोपात दीड सेंटिमीटर. फरक एक मिलिमीटरही नाही, पण आठ कडांना मिळून पाव इंचाच्या वर जातो. बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नला माया नसतेच, ती आपण काढायची. ट्रेस करताना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: माया आहे किंवा माया नाही.

तिसरा धक्का प्रिंटरचा. अमेरिकन पॅटर्न लेटर कागदासाठी आखलेला असेल तर त्याची रुंदी २१६ मिलिमीटर, आणि आपल्या ए-फोरची २१०. झेरॉक्सच्या दुकानात "कागदात बसवा" हा पर्याय चालू राहिला की सगळं जवळजवळ ९७ टक्के होऊन निघतं. डोळ्याला कळत नाही. ४० इंचाचा घेर मात्र ३९च्या आत येतो. पहिल्या पानावर तपासणीचा चौकोन असतो, तेवढं एकच पान आधी काढा आणि स्टीलपट्टीने मोजा. एक इंचाचा चौकोन असेल तर तीन टक्क्यांत पाऊण मिलिमीटरचाच फरक दिसतो, तो टेपवर चुकतो. मोठा चौकोन असेल तो मोजा. "खरा आकार, १०० टक्के" असं सांगूनच उरलेली पानं काढायची.

दुकानात

कापडाची लांबी मीटरने आणि पन्ना, म्हणजे रुंदी, इंचात, एकाच काउंटरवर. ४४चा पन्ना म्हणजे ११२ सेंटिमीटर, ५८चा १४७, ३६चा ९१. किती कापड लागेल हे पन्न्यावर ठरतं, म्हणून "कुर्त्याला अडीच मीटर" हे उत्तर पन्ना विचारल्याशिवाय देऊ नये.

हिशोब इंचात करा आणि शेवटी एकदाच मीटरमध्ये न्या. ४४ पन्न्यात ४२ उंचीचा सरळ कुर्ता: खांदा आणि खालची दुमड धरून ४४, पुढचा-मागचा मिळून ८८, बाहीला २०. एकूण १०८ इंच. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, पण बाजारात सगळे चाळीस धरतात. १०८ भागिले ४० म्हणजे २.७०, खरे लागतात २.७४. चार सेंटिमीटर कमी, म्हणजे दुमड गेली. कापड घेताना ३९ने भागा, २.७७ येतात आणि चूक आपल्या बाजूने राहते. सुती कापड पाच टक्के आटेल असं धरलं तर २.९० घ्या आणि कापण्याआधी भिजवून वाळवा.

ब्लाऊजपीस ऐंशी सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. ३४ छातीला चौथा भाग साडेआठ, सैलपणा अर्धा आणि माया दीड, असे साडेदहा. चार भागांचे ४२, म्हणजे ४४ पन्न्यात पुढचा-मागचा शेजारी शेजारी बसून हुकपट्टीला दोन इंच उरतात. उंचीला साडेसोळा गेले की बाहीला पंधरा इंच शिल्लक. ३८ छातीला हेच चार भाग ४६ होतात, पन्न्यात मावत नाहीत, पुढचा भाग खाली सरकतो आणि बाहीची जागा खातो. दुकानदार "माप काय?" विचारून एक मीटर काढतो तो यासाठी. अस्तराचं कापड घेताना त्याचा पन्ना वेगळा विचारा, तो कमी असला तर ऐंशीचा हिशोब मोडतो.

नऊवारी शिवायला देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वार म्हणजे ३६ इंच, ९१.४४ सेंटिमीटर. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. "नऊ मीटर द्या" म्हटलं तर ७७ सेंटिमीटर जास्त येतं, आणि आठ मीटरच्या साडीत २३ कमी. ते २३ काष्ट्यात दिसतात. सहावारीचंही तेच, सहा वार म्हणजे साडेपाच मीटर, आणि त्यावर ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस धरून लेबलवर ६.३० लिहिलेलं असतं.

मशीन आणि बारीकसारीक

टाक्याच्या लांबीचे आकडे दोन प्रकारचे असतात. नव्या मशीनवर ते मिलिमीटर आहेत: २.५ म्हणजे इंचाला साधारण दहा टाके. काही जुन्या मशीनच्या पट्टीवर इंचाला किती टाके ते लिहिलेलं असतं, तिथे मोठा आकडा म्हणजे बारीक टाका. जुन्यावरून नव्यावर आलेल्या माणसाने बारीक टाक्यासाठी आकडा वाढवला तर रुबियावर (ब्लाऊजच्या पातळ सुती कापडावर) लांब टाके पडून शिवण तोंड उघडते. कापडाच्या तुकड्यावर टीप मारा, एक इंचात टाके मोजा, वाद संपला. सुईवर ९०/१४ असे दोन आकडे असतात, त्यातला ९० म्हणजे जाडी ०.९० मिलिमीटर. रुबियाला ७५/११, डेनिमला १००/१६.

बोहरी आळीत बटणं नंबरवर मिळतात. तो नंबर इंचाचा चाळिसावा भाग: १८ नंबर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, २४ म्हणजे पंधरा. काजाची लांबी व्यास अधिक बटणाची जाडी, सपाट शर्टाच्या बटणाला दोन-तीन मिलिमीटर जास्त पुरतात. गोल उंच बटणाला नाही, तिथे दोऱ्याचा फास बटणाभोवती घालून मोजा आणि त्याचं निम्मं घ्या.

इलॅस्टिक २५ मिलिमीटर लिहिलेलं असतं आणि आपण नेफा "एक इंच" ठेवतो. आकड्यात इलॅस्टिक ०.४ मिलिमीटरने लहान आहे, बसायला हवं. पण दुमडीत कापडाची जाडी आहे, खालची टीप थोडी आत जाते, आणि इलॅस्टिक आत पिळतं. नेफा आतून २८ ते २९ मिलिमीटर ठेवा, म्हणजे एक इंच एक सूत. वरच्या कडेला टीप मारणार असाल तर तिची जागा याच्याशिवाय वेगळी धरा.